सामानाच्या खोलीतून हुंकार

६ जून

ए आत्या,

आधी एक खुलासा. परवा शेजारच्या काकूंच्या फोनवरून तू ज्याला ‘दादा, मीठ कमी कर, नाहीतर मी येऊन राहीन’ असा दम भरलास, तो दादा नव्हता. मी होतो! माझा आवाज आता बाबांसारखा झालाय. सगळेच फसतात. बाबांचे साहेब तर माझ्यावरच डाफरले. मी तुला मध्येच सांगणार होतो, पण तू श्वास घेशील तर ना! मग मी नुसता ‘हं, हं’ करत राहिलो आणि बाबांच्या वतीने मीठ सोडलं. निरोप दिलाय. ते म्हणाले, ‘तिला पत्रच लिही बाबा, फोनवर ती कुणाचं ऐकत नाही.’ जन्मभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कानाला यंत्र अडकवून बसल्यावर तुला फोनचा वीट आलाय हे मला पटतं. तेव्हा हे पत्र. अक्षराला हसू नकोस.

दुसरी बातमी. ‘सोळा वर्षांचा घोडा नुसता लोळतोय’ असं म्हणत आईने मला कामाला जुंपलंय. दर शनिवारी दुपारी वस्तीतल्या समाजकेंद्रात जायचं. केंद्र म्हणजे पूर्वीचा दवाखाना. जिथे सुया टोचायचे तिथे आता मुलं चित्रं काढतात. ज्यांच्या आईवडिलांना शनिवारचीही सुट्टी नसते, अशी मुलं येतात. केंद्र चालवणाऱ्या ताईंनी विचारलं, ‘मुलं आवडतात का तुला?’ मी म्हटलं, ‘माहीत नाही.’ झालं, त्यांनी मला सामानाच्या खोलीत बसवलं. तिथे लोकांनी दिलेल्या बुटांची पोती आहेत. जोड्या लावायच्या, तळ पुसून खडूने माप लिहायचं, नाडीला नाडी बांधायची. आत्या, लोक एकच बूट का देतात गं? दुसऱ्याचं काय करतात?

खोलीच्या भिंतीवर दवाखान्याच्या काळातला एक फोन आहे. बाहेर कुठे लागत नाही. मुलांच्या खोलीतल्या फोनचा रिसीव्हर उचलला की इथे घंटा वाजते, एवढंच. ताईंना वाटतं दोन्ही मेलेत. पण एक सहा वर्षांची मुलगी आहे, तिला सगळे इन्स्पेक्टर म्हणतात, कारण ती दिसेल त्याची उलटतपासणी घेते. दर शनिवारी ती तो फोन उचलते आणि बोलत सुटते. तिला वाटतं फोन लांब कुठेतरी लागतो. मी इकडे बूट पुसत ‘हं’ म्हणतो. बस. मला हे काम जाम आवडायला लागलंय, पण आईला सांगू नकोस, चढेल ती.

तुझा,
भोंगा (हे नाव तूच ठेवलंयस, आता घरात सगळे तेच म्हणतात)


१५ जून

भोंग्या,

लबाडा! मी तासभर जीव तोडून बोलले आणि पलीकडे तू! आणि मला कळलं नाही, हे त्याहून वाईट. आवाज ओळखणं हा माझा धंदा होता रे. असो, वय झालं.

पण ‘हं’ मात्र तू फार छान म्हणतोस, हे सांगायलाच हवं. हसू नकोस. एक्स्चेंजमध्ये नव्या मुली आल्या की मी त्यांना आधी ‘हं’ शिकवायची. एक ‘हं’ असतो ‘आटपा लवकर’चा. एक असतो ‘मी दुसरीकडे बघतेय’चा. आणि एक ‘मग काय झालं’चा. हा तिसरा ज्याला जमला त्याला माणसं काय काय सांगतात म्हणून सांगू! त्यांना उत्तर नको असतं. पलीकडे कुणीतरी आहे एवढंच हवं असतं. तेव्हा तुझ्या इन्स्पेक्टर बाईंना मनसोक्त बोलू दे. घरी त्या पोरीचं ऐकायला कुणाला वेळ असेल, नसेल. पुण्याचं काम करतोयस. तुझ्या आईला मी पत्रात लिहिणार आहे, चढली तर चढू दे.

एक मात्र लिहायला विसरलास. कोण समजून बोलते रे ती तुझ्याशी?

बूट एकेकटा देतात, कारण दुसरा सापडत नाही आणि पहिला टाकवत नाही. माझ्याकडे चार आहेत.

तुझी,
आत्या


७ जुलै

ए आत्या,

खूप दिवसांनी लिहितोय, कारण परीक्षा. आणि पाऊण पोतं बूट. केंद्रात आता मला मुलांच्या खोलीतही बोलावतात. भिंगरी आणि तिचा भाऊ अशी दोन कार्टी आहेत, ती माझ्या दोन पायांवर एकेक उभी राहतात आणि मी चालायचं. गुडघ्यांची वाट लागलीय.

इन्स्पेक्टरचा पुढचा दात पडला. तिने मला दाखवलासुद्धा, मुठीत धरून आणला होता. गंमत म्हणजे मी समोर असतो तेव्हा तिला माझं काही पडलेलं नसतं. ‘तुझे कान एवढे मोठे का? तू रोज आंघोळ करतोस का?’ एवढंच. फोनवर मात्र तास तास. मी तिला हवा असतो तो फोनवरच.

तुझा तिसरा ‘हं’ मला आता पक्का जमलाय.

बाकी सगळं ठीक. तू गोळ्या वेळेवर घेतेस ना?

तुझा,
भोंगा


१३ जुलै

भोंग्या,

माझ्या प्रश्नाला तू टांग मारलीस. गोळ्यांची चौकशी करणारा मुलगा काहीतरी लपवत असतो. कोण समजून बोलते ती?

आत्या


२८ जुलै

आत्या,

बाबा समजून.

लिहिलं बघ. आता सगळंच लिहितो. आईबाबांना अजून सांगितलेलं नाही.

पहिल्या शनिवारी घंटा वाजली तेव्हा मी दचकलोच. उचलला, ‘हॅलो’ म्हणालो. पलीकडून इवलासा आवाज आला, ‘बाबा?’ ‘नाही गं, मी इथेच सामानाच्या खोलीत आहे’ असं म्हणायला मी तोंड उघडलं. शप्पथ, तेच म्हणणार होतो. पण ती इतक्या घाईने पुढे म्हणाली, ‘बाबा, मी आहे, ठेवू नका!’ आणि माझ्या तोंडून निघालं, ‘हं.’

एवढंच, आत्या. एक ‘हं’. पुढच्या शनिवारी ‘मी तो नव्हतो’ म्हणायचं ठरवून गेलो, तर ती म्हणाली, ‘तुम्हाला सर्दी झालीय का, नुसतंच हं हं करता?’ मी म्हटलं, ‘हं.’ मग दर वेळी ते अवघड होत गेलं. तिचे बाबा लांब कुठेतरी बांधकामावर गेलेत. आधी फोन यायचे, मग बंद झाले. तिची आई हॉस्पिटलच्या धुलाईघरात चादरींच्या घड्या घालायच्या कामावर आहे, बऱ्याचदा रात्रपाळी. तेव्हा इन्स्पेक्टर शेजारच्या आजींकडे झोपते. म्हणजे झोपत नाही, सोंग करते. आई आली की मगच झोपते. हे तिने ‘बाबांना’ सांगितलंय आणि आईला सांगू नका म्हणून बजावलंय, आई रडेल म्हणून. आणि एकदा म्हणाली, ‘तुमचा चेहरा मला नीट आठवत नाही, पण आवाज आठवतो, म्हणून बरं आहे.’ आता सांग, यानंतर मी काय बोलणार होतो? मागच्या महिन्यात तिने विचारलं, ‘कधी येणार?’ आणि मी म्हणून बसलो, ‘लवकर.’

आता खरं ऐक. काल तिची आई केंद्रात आली. केस धुऊन, नीट विंचरून. ताईंना म्हणाली, ‘हिचे बाबा इथे फोन करतात म्हणे. आम्ही खोली बदलली, नंबर बदलला, त्यांना माझा नवा नंबर माहीत नसणार. म्हणून मी आज सुट्टी टाकली. फोन आला की मला द्याल?’ ताई म्हणाल्या, ‘इथे कुठला फोन?’ त्या माऊलीला वाटलं, ताईंच्या कानावर नसेल. ती दाराजवळच्या बाकावर बसून राहिली. इन्स्पेक्टर तिच्या मांडीवर. आणि मी सामानाच्या खोलीत. घंटा वाजली नाही, इन्स्पेक्टर आईला सोडून फोनकडे गेलीच नाही. संध्याकाळी केंद्र बंद झालं तेव्हा ती म्हणाली, ‘पुढच्या शनिवारी बघू.’

मी काय करू? पुढच्या शनिवारी बाबा म्हणून फोनवर सांगून टाकू का, की मी आता खूप लांब जातोय, फोन करता येणार नाही? म्हणजे कुणाला काही कळणार नाही आणि हळूहळू ती विसरेल. तुला काय वाटतं? लवकर लिही. मला जेवण जात नाहीये.

भोंगा


३१ जुलै

भोंग्या,

खबरदार! त्या फोनला परत हात लावलास तर याद राख. हे पत्र मी तातडीच्या टपालाने पाठवतेय, शनिवारच्या आत मिळायलाच हवं.

आधी रागावून घेते. तुझा आवाज बाबांसारखा झाला, म्हणून तुला कुणाचाही बाबा होता येत नाही. आणि आता त्या बाबाला तू लांब पाठवणार? त्या बाईने सुट्टी टाकली, केस विंचरले, आणि तिच्या नवऱ्याच्या तोंडी परस्पर निरोप घालणारा तू कोण रे टिकोजीराव? एकदा सोडून गेलेला माणूस तू तिच्यासाठी दुसऱ्यांदा पाठवणार आहेस. काही डोकं?

रागावून झालं. आता ऐक. थोडी रागावले मी माझ्यावरही. ‘पलीकडे कुणीतरी आहे एवढंच हवं असतं’ असं मीच छातीठोकपणे लिहिलं होतं. चूक लिहिलं. कुणीतरी नको असतं रे. एकच माणूस हवा असतो. इतकी वर्षं कानात लोकांचे जीव अडकवून बसले, मला हे कळायला हवं होतं.

आमच्याकडे एक पद्धत होती. माणूस नंबर सांगायचा, आम्ही जोडून द्यायचो. पलीकडे घंटा वाजत राहायची आणि कुणी उचलायचं नाही. तेव्हा ‘व्यस्त आहे’ नाही म्हणायचं, ‘बाहेर गेले असतील’ नाही म्हणायचं. आपल्याला काय माहीत? म्हणायचं, ‘पलीकडे कुणी उचलत नाही.’ जेवढं खरं तेवढंच. लोक म्हणायचे, अजून एकदा लावा ना. आम्ही लावायचो. परत तेच सांगायचो. आणि सांगितल्यावर आपण आधी लाइन काढायची नाही. तो माणूस ठेवेपर्यंत थांबायचं. कधी शिव्या ऐकायच्या, कधी नुसता श्वास. सुपरवायझर ओरडायची, तरी थांबायचं.

तुला तेच करायचंय. आधी तिच्या आईला सांग. समोर उभं राहून, नजरेला नजर देऊन. ताईंना बरोबर घे. मग पोरीला. मधलं काही गाळू नकोस आणि आपण किती चांगल्या मनाने केलं हे तर अजिबात सांगू नकोस. चांगलं मन तुझ्या खिशात राहू दे. मग त्या काय म्हणतील ते ऐकायचं आणि पळायचं नाही.

आणि आज रात्री तुझ्या बाबांना सांग. तो ओरडेल, मग तुला जेवायला बसवेल. मी त्याला ओळखते.

जेव नीट.

आत्या


५ ऑगस्ट

आत्या,

तुझं पत्र शुक्रवारी मिळालं. बाबा ओरडले नाहीत. म्हणाले, ‘मी येऊ का बरोबर?’ मी नको म्हटलं, तरी ते कोपऱ्यापर्यंत आलेच.

ताईंना आधी सांगितलं. त्यांनी कपाळावर हात मारला. मग तिची आई आली, त्याच बाकावर बसली. मी समोर जाऊन उभा राहिलो. सगळं पाठ करून गेलो होतो, पण तोंडातून एवढंच आलं, ‘फोनवर मी होतो. तिचे बाबा नव्हते. तो फोन बाहेर लागतच नाही.’

तिला आधी कळलंच नाही. मी परत सांगितलं. मग ती म्हणाली, ‘म्हणजे त्यांचा फोन आलाच नाही?’ मी म्हटलं, ‘नाही.’ ‘एकदाही नाही?’ ‘नाही.’ तू म्हणालीस ना, अजून एकदा लावा म्हणतात. तसंच झालं. ती चिडली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, ‘मी कामावर सगळ्यांना सांगितलं रे, फोन येतो म्हणून.’ आणि मान खाली घालून हातातल्या पिशवीचे बंद सारखे करत राहिली. मी थांबलो. मला रडू येत होतं, पण मी खिशात ठेवलं.

इन्स्पेक्टरला सांगितलं तेव्हा तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. ‘खोटं. करून दाखव.’ मी ‘हं’ केलं. आत्या, तिने दोन्ही कान हातांनी घट्ट बंद केले. मग आईने तिला उचललं आणि त्या गेल्या. ती खांद्यावरून माझ्याकडे बघतही नव्हती.

ताईंनी फोनची वायर काढून टाकली. मी विचारलं, ‘मी आता येऊ नको का?’ त्या म्हणाल्या, ‘बूट संपलेत का? मग?’

पण ती आता येणार नाही, आत्या. शनिवारी तिला दुसरीकडे कुठे ठेवणार? केंद्र तिचंच होतं, आणि मी ते तिच्यापासून काढून घेतलं. याचं मला जास्त वाईट वाटतंय.

भोंगा


१२ ऑगस्ट

माझ्या सोन्या,

बरोबर केलंस. लगेच बरं वाटणार नाही, वाटायलाही नको. पण बरोबर केलंस.

आता एकच कर. दर शनिवारी जा. ती येवो न येवो. तुला जायचं जिवावर येईल, डोकं दुखेल, पोटात दुखेल, तरी जा. एखाद्या शनिवारी ती तुला शिव्या घालायला म्हणून आली आणि तू नसलास, असं होता कामा नये.

मी तुझ्यासाठी ते चार बूट पाठवतेय. हसलास ना? हसायलाच पाठवतेय.

आत्या


९ सप्टेंबर

ए आत्या,

तुझ्या चारांपैकी एकाला जोडी सापडली! रंग थोडा वेगळा आहे, पण भिंगरीच्या भावाला फरक पडत नाही.

मी एकही शनिवार चुकवला नाही. आणि परवा ती आली.

मी खाली बसून नाड्या बांधत होतो. दारात दोन पाय दिसले. वर बघितलं तर इन्स्पेक्टर. दाताच्या जागी नवा दात डोकावतोय. मी काही बोललो नाही, माझ्या आवाजाचीच मला भीती वाटते हल्ली. ती आत आली, पोत्यावर बसली आणि चौकशी सुरू केली.

‘फोनवर सगळा वेळ तूच होतास?’

‘मीच.’

‘मग माझा दात पडला ते बाबांना माहीत नाही?’

‘नाही.’

‘मी झोपत नाही ते?’

‘नाही.’

‘मला मोठ्या अंकांची बेरीज येते ते?’

‘नाही गं. त्यातलं काहीच त्यांना माहीत नाही. मलाच माहीत आहे.’

आत्या, मला वाटत होतं ती माझ्यावर रागावली आहे, मी फसवलं म्हणून. तसं नव्हतंच ते. तिला एवढंच वाटत होतं की आपण इतकं सगळं सांगितलं आणि बाबांपर्यंत काही पोचलंच नाही. तिचा चेहरा वाकडा झाला आणि तिने असा गळा काढला की मुलांच्या खोलीतलं चित्रकाम थांबलं. मला काय करावं सुचेना. जवळ घेतलं तर ढकलेल असं वाटलं. म्हणून मी नुसता समोर बसून राहिलो. उठलो नाही.

आवाज ऐकून तिची आई धावत आली. ती बाहेरच थांबली होती, ताईंशी बोलत. आता तिला दिवसपाळी मिळावी म्हणून ताई खटपट करतायत. ती थेट त्या बुटांच्या ढिगात बसली आणि पोरीला मांडीवर ओढून घेतलं. ‘काय सांगायचं होतं बाबांना? मला सांग. मला सांग ना राणी.’ इन्स्पेक्टर मान हलवत होती, नाही म्हणून. मग हुंदके देत देतच म्हणाली, ‘तू रडशील.’ आई म्हणाली, ‘रडेन. तरी सांग.’

आणि ती सांगायला लागली. अगदी पहिल्यापासून. दातापासून नाही, त्याच्याही आधीपासून, नव्या खोलीत आल्यापासून. आई खरंच रडत होती आणि ‘मग? मग काय झालं?’ असं विचारत होती. मला वाटलं, आता इथे आपलं काम नाही. हळूच उठलो.

तर इन्स्पेक्टरने माझी पँट धरली. माझ्याकडे न बघताच म्हणाली, ‘तू बस. मी काही विसरले तर तू सांग.’

मग मी बसलो. ती दोन गोष्टी विसरली. त्या मी सांगितल्या.

तुझा,
भोंगा